पगाराच्या वेळी सेवा, बिलाच्या वेळी धंदा

कोल्हापुरात सीपीआर म्हणतात ते नव्या पिढीचे लोक. आमच्या घरात, आणि जुन्या पेठांतून अजूनही, तो थोरला दवाखाना. टाऊन हॉलच्या समोर, भाऊसिंगजी रोडला. आधी त्याला नाव होतं अल्बर्ट एडवर्डचं, म्हणजे १८७५ साली हिंदुस्थानात फिरायला आलेल्या इंग्लंडच्या युवराजाचं. पुढे छत्रपती प्रमिलाराजेंचं नाव आलं आणि त्याचंही लोकांनी तीन अक्षरांत सीपीआर केलं. म्हातारी माणसं मात्र रिक्षावाल्याला आजही 'थोरल्या दवाखान्यात सोड' असंच सांगतात, आणि रिक्षावाला बरोबर सोडतो.

माझी आत्ती तिथं नर्स होती. मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत ती कुणाची काकू नव्हती की वहिनी नव्हती, सगळ्यांची सिस्टर होती. रात्री दोन वाजता कुणाच्या पोराला आकडी आली तरी कडी आमच्याच दाराची वाजायची. ती शिकली मिरजेला, मिशनच्या दवाखान्यात. तिथलं इस्त्रीचं वेड तिनं मरेपर्यंत सोडलं नाही. पांढऱ्या साडीला खळ घालून ती अशी ताठ करायची, की आजी म्हणायची, हिची साडी हिच्या आधी ड्युटीवर जाईल.

संप हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो तिच्यामुळे. डिसेंबर १९७७. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचा तो ५४ दिवसांचा संप, र. ग. कर्णिकांच्या नेतृत्वाखालचा. मागणी साधी होती: केंद्राच्या नोकराला जो महागाई भत्ता मिळतो तोच आम्हाला द्या, कारण बाजारात ज्वारीचा भाव दोघांनाही एकच असतो. मुख्यमंत्री वसंतदादा पाटील, म्हणजे शेजारच्या सांगलीचे. आजीला ते घरचेच वाटायचे. "दादा आपलाच मानूस हाय, दील की," असं ती पहिला महिना म्हणाली. दुसऱ्या महिन्यात तिनं हातातल्या पाटल्या काढून दिल्या आणि वडील त्या घेऊन सराफांच्या गुजरीत गेले. तेव्हापासून तिनं दादांचं नाव काढलं नाही.

आत्तीच्या सांगण्यातला संप मात्र घोषणांचा नव्हता, वाटणीचा होता. कुणी बाहेर बसायचं आणि कुणी आत जायचं, याची वाटणी. बाळंतपणाचा वॉर्ड आणि अपघाताचा विभाग उघडा सोडायचा नाही, असं बायकांनीच आपसात ठरवलं होतं म्हणे. "संप हाय म्हनून पोर पोटात थांबतंय व्हय? मी आत जायाचो, पगार न्हाई, सही न्हाई, मस्टर न्हाई. भाईर आलो की परत मांडवात बसायचो." आत जाणाऱ्या नर्सला मांडवातले काही पुरुष फितूर म्हणायचे. तिनं त्यातल्या एकाला विचारलं होतं, तुझ्या बायकोला आता कितवा महिना? त्यानंतर तो गडी गप्प झाला.

संप मागे घेतला तेव्हा पदरात काही पडलेलं नव्हतं. पाच-सहा महिन्यांत वसंतदादांचं सरकार पडलं, शरद पवारांचं पुलोद सरकार आलं आणि केंद्राइतका महागाई भत्ता मान्य झाला. म्हणून आत्ती नेहमी सांगायची, संपाचं फळ संपाच्या झाडाला लागत नाही, शेजारच्या झाडाला लागतं.

घरातला दुसरा सांगणारा म्हणजे मामा. शाहू मिलमधला कामगार, आणि बिंदू चौकातल्या रेड फ्लॅग बिल्डिंगच्या पायऱ्या झिजवणारा. कॉम्रेड गोविंद पानसरे तेव्हा कोल्हापुरात वकिली करत आणि कामगारांच्या बैठका घेत. मामा त्या बैठकांतून कायदा ऐकून यायचा आणि जेवणावर आम्हाला ऐकवायचा. शाहू महाराजांनी १९१८ साली मुंबईत परळला गिरणी कामगारांपुढे भाषण केलं, संघटना करा म्हणून सांगितलं, ही त्याची पहिली गोष्ट. राजानं संघटना करायला सांगितलेलं हे एकच गाव, असं त्याला वाटे. आणि दुसरी गोष्ट जे. जे. हॉस्पिटलमधल्या दोन बायकांची.

या दोघी मुंबईच्या जे. जे. समूहातल्या रुग्णालयांत वॉर्डातली कामं करणाऱ्या. सरकारचं नागरी पुरवठ्याचं खातं गुंडाळलं जात होतं, तिथली माणसं कुठंतरी लावायची होती, म्हणून या दोघींना घरी पाठवलं. कायद्यानं द्यायची नुकसानभरपाई दिली नाही. हॉस्पिटल मजदूर सभा नावाच्या युनियननं दावा लावला. सरकारचं म्हणणं असं, की दवाखाना हा उद्योगच नव्हे. इथं नफा नाही, माल नाही, मग कामगार कायदा कसा लागू होईल? खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि २९ जानेवारी १९६० रोजी न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी सरकारचं अपील फेटाळलं. दवाखाना हा उद्योग आहे. गजेंद्रगडकर साताऱ्याचे, याचा मामाला इतका अभिमान, की जणू निकाल ऐन साताऱ्यात राजवाड्यावर बसून लिहिला.

पण कोर्टाचं मन तिथं स्थिर राहिलं नाही. १९७० साली दिल्लीच्या सफदरजंग हॉस्पिटलच्या खटल्यात त्याच कोर्टानं उलट सांगितलं, की असा दवाखाना उद्योग नाही. म्हणजे आत्ती आणि तिच्यासारख्या हजारो बायका एका रात्रीत कामगारांच्या सेविका झाल्या. मग बंगलोर वॉटर सप्लायच्या खटल्यात सात न्यायमूर्तींचा निकाल आला, न्यायमूर्ती कृष्ण अय्यरांचा, २१ फेब्रुवारी १९७८ रोजी. दवाखाना पुन्हा उद्योग झाला. ५४ दिवसांचा संप मिटून जेमतेम पंधरवडा झाला होता. मामा पेढे घेऊन आला. आत्ती खळ घालत बसली होती. तिनं पेढा घेतला आणि म्हणाली, "मला तवाबी ठावं हुतं. कोरटाला आत्ता कळलं." पुढे १९८२ साली संसदेनं व्याख्या बदलून दवाखान्यांना पुन्हा वगळलं. ती दुरुस्ती मंजूर झाली, पण कधी अमलात आणलीच नाही. कायद्याच्या पुस्तकात ती वर्षानुवर्षं नुसती पडून राहिली.

मामाचं सगळंच मला पटायचं असं नाही. गिरणीचा संप आणि दवाखान्याचा संप एकच, असं तो ठासून सांगे. एकच कसा असेल? गिरणी बंद पडली तर मालकाचा तोटा. सरकारी दवाखाना बंद पडला तर गगनबावड्याहून, राधानगरीहून पहाटेच्या एसटीनं आलेल्या माणसाचा तोटा. मंत्र्याला काही होत नाही, त्याचा दवाखाना वेगळा. दवाखान्यातला संप मालकाच्या खिशाला लागण्याआधी गरिबाच्या अंगाला लागतो, हे युनियनवाल्यांनी मोकळेपणानं कबूल केलं पाहिजे. आत्तीला ते ठाऊक होतं, म्हणून तर ती विनासहीची आत जायची. जाता जाता एक सांगतो. ज्या माणसानं १९८२ साली मुंबईच्या अडीच लाख गिरणी कामगारांना संपावर नेलं, ते दत्ता सामंत स्वतः डॉक्टर होते. घाटकोपरला खाणकामगारांच्या वस्तीत दवाखाना चालवता चालवता युनियनमध्ये आले. मामाला हे सांगितलं की तो म्हणे, रोग कुठनं येतो ते त्याला कळलं.

आता मिरजेकडे वळतो, कारण नफ्याची गोष्ट तिथून सुरू होते. डॉ. विल्यम वानलेस, अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉक्टर, यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उघडलं. कोल्हापूर ते मिरज रेल्वे तीनच वर्षं आधी, १८९१ साली सुरू झाली होती. आमच्या पणजीचा मोतीबिंदू तिथं काढला. ती गाडीत बसली ती आगगाडीच्या भीतीनं डोळे मिटून आणि परतली ती खिडकीतून शेतं मोजत. वानलेससाहेबांचा हिशोब आत्ती असा सांगायची: संस्थानिक, सावकार, व्यापारी यांच्याकडून फी घसघशीत घ्यायची आणि त्या पैशात गरिबाचं फुकट करायचं. "फायदा कमावायचा त्योबी, पर फायदा वॉर्डातच ऱ्हायाचा." १८९७ मध्ये त्यांनीच नर्सिंगचं शिक्षण सुरू केलं. कोल्हापुरातही त्यांच्या पत्नीच्या नावानं, मेरी वानलेस यांच्या नावानं, रुग्णालय उभं राहिलं. अमेरिका आमच्या भागात पहिल्यांदा आली ती अशी, स्टेथोस्कोप गळ्यात घालून.

शंभर-सव्वाशे वर्षांनी ती परत आली आहे, या वेळी भांडवल घेऊन. ब्लॅकस्टोन ही न्यूयॉर्कची गुंतवणूक कंपनी. तिच्या मालकीची क्वालिटी केअर आणि अ‍ॅस्टर डीएम यांचं विलीनीकरण नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झालं. अ‍ॅस्टरचं एक रुग्णालय आमच्या कोल्हापुरात आहे. यात बेकायदा काही नाही, मोठं भांडवल आलं की यंत्रं येतात, तज्ज्ञ येतात, आणि हृदयाच्या ऑपरेशनला पुण्या-मुंबईला पळायची वेळ येत नाही, हेही खरं. फरक इतकाच, की वानलेससाहेबांचा फायदा वॉर्डात राहायचा, आणि गुंतवणूकदाराचा फायदा गुंतवणूकदाराकडे जातो. तो जावा म्हणूनच तर त्यानं पैसा घातलेला असतो.

नफ्याला परदेशी भांडवलच लागतं असं मात्र नाही. माझ्या चुलतबहिणीची मुलगी याच शहरात एका खासगी रुग्णालयात लागली. डॉक्टर नवरा-बायकोनं काढलेलं, तीन मजली, देवघरासकट. रुजू होताना तिची मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतली, दोन वर्षांचा बाँड लिहून घेतला. पेशंटच्या बिलात 'नर्सिंग चार्जेस' अशी एक ओळ असते, खाटेच्या भाड्याच्या खाली, दर दिवसाची. एका रात्रपाळीत तिनं आपल्या वॉर्डातल्या सगळ्या बिलांतली ती ओळ कागदावर मांडली. आठवडा संपायच्या आत तिचा महिन्याचा पगार त्यातून निघत होता. उरलेले तीन आठवडे कुणाचे, हे विचारायला ती गेली नाही, कारण प्रमाणपत्रं त्यांच्या कपाटात होती. आत्तीला ही गोष्ट सांगितली तेव्हा तिनं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "पगाराच्या टायमाला म्हंत्यात सिस्टर, ही सेवा हाय. आन बिलाच्या टायमाला तीच सेवा धंद्यात लिवत्यात."

ही कहाणी एकटीची नाही. २०११ साली मुंबईत खासगी रुग्णालयांतल्या नर्सेस, बहुतेक केरळच्या मुली, बाँड आणि अडकवून ठेवलेली प्रमाणपत्रं यांच्याविरुद्ध संपावर उतरल्या होत्या. प्रश्न सुप्रीम कोर्टात गेला. २९ जानेवारी २०१६ रोजी कोर्टानं समिती नेमायला सांगितलं, आणि समितीनं शिफारस केली: ५० खाटांपेक्षा लहान रुग्णालयातही नर्सला महिना २०,००० रुपयांपेक्षा कमी नको, आणि २०० खाटांच्या वर सरकारी नर्सइतकाच पगार. (तारीख पाहिलीत? जे. जे. च्या दोन बायकांचा निकालही २९ जानेवारीचाच, ५६ वर्षं आधीचा. मामा असता तर त्यानं यातही काहीतरी शोधलं असतं.) केरळनं नर्सेसच्या दीर्घ लढ्यानंतर २०१८ मध्ये २०,००० रुपयांच्या किमान वेतनाची अधिसूचना काढली. आमच्या मुलीला त्या शिफारशीचं नावही ठाऊक नव्हतं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये एका संध्याकाळी माझ्या भाचीचा कॅलिफोर्नियातून व्हिडिओ कॉल आला. ती तिकडं नर्स आहे. आत्ती तेव्हा पंच्याऐंशीच्या घरातली, कानाला ऐकू कमी, पण संप म्हटल्यावर सरसावून बसली. तिकडं कैसर परमनंटे या आरोग्यसंस्थेच्या ७५,००० कर्मचाऱ्यांनी ४ ऑक्टोबरपासून तीन दिवसांचा संप केला होता. अमेरिकेतल्या आरोग्यसेवेतला तोवरचा सर्वांत मोठा. कैसर कागदोपत्री ना-नफा संस्था आहे. भाचीची शेजारीण संपात होती, भाची स्वतः नव्हती. माणसं कमी, कामाचा बोजा जास्त, कोविडनंतर कित्येक लोक थकून निघून गेले, अशी त्यांची तक्रार.

आत्तीचा पहिला प्रश्न: "पेशंट कोन बघतंय?"

भाची म्हणाली, "डॉक्टर आहेत, बाकी बाहेरून माणसं आणलीत. दहा दिवस आधी नोटीस द्यावीच लागते इथं, आजी. त्याशिवाय दवाखान्यात संप करता येत नाही."

"आमच्यात चौदा."

इतक्या वर्षांनी तिला तो आकडा पाठ होता. औद्योगिक विवाद कायद्यात लोकोपयोगी सेवेतल्या संपाला चौदा दिवसांची नोटीस लागे, ती मामानं घोकून घेतलेली. अमेरिकेचा दहा दिवसांचा नियम आला १९७४ मध्ये. त्याआधी, १९४७ पासून, तिकडच्या ना-नफा रुग्णालयांतल्या नोकरांना युनियनच्या कायद्याचं संरक्षणच नव्हतं. म्हणजे दवाखाना उद्योग की सेवा, हा घोळ दिल्लीच्या कोर्टात चालू होता त्याच दशकात वॉशिंग्टनमध्येही तो सुटायचा होता. फक्त त्यांनी कायदा करून एकदाचा मिटवला, आम्ही खटल्यावर खटले करत राहिलो.

मग आत्तीनं विचारलं, एका सिस्टरला किती पेशंट? भाची म्हणाली, आमच्या राज्यात कायदाच आहे, साध्या वॉर्डात पाच. आत्तीला वाटलं नीट ऐकू आलं नाही. तिनं पुन्हा विचारलं. भाचीनं हाताची पाच बोटं स्क्रीनसमोर धरली. आत्ती हसली नाही, रागावली नाही. बदलीच्या एका गावी रातपाळीला ती एकटी आणि जमिनीवरचे धरून सगळा वॉर्ड, एवढं म्हणाली आणि कवळी काढून वाटीत ठेवली.

कैसरच्या लोकांना त्या महिन्यातच चार वर्षांत २१ टक्के वाढ मिळाली, कॅलिफोर्नियात तासाला किमान २५ डॉलर. सगळ्यांचं असं होत नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरला टेनेट या नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीचं सेंट व्हिन्सेंट रुग्णालय आहे. तिथल्या नर्सेस २०२१ च्या मार्चमध्ये बाहेर पडल्या आणि ३०१ दिवसांनी आत आल्या. त्यांची मुख्य मागणी वॉर्डात आणखी नर्स नेमा, ही होती. कंपनीनं तेवढ्यात त्यांच्या जागी कायमच्या दुसऱ्या भरायला घेतल्या होत्या. जे. जे. च्या त्या दोघींची गोष्ट मला तेव्हा फार आठवली.

इकडं महाराष्ट्रात मे २०२२ मध्ये सरकारी नर्सेस संपावर गेल्या त्या पगारासाठी नव्हे. नर्सची भरती बाह्यस्रोतातून, म्हणजे ठेकेदारामार्फत करायचं सरकारनं ठरवलं होतं, त्याविरुद्ध. जुलै २०२५ मध्ये पुन्हा त्याच कंत्राटी भरतीविरुद्ध. मधल्या काळात, १४ मार्च २०२३ पासून आठवडाभर, जुन्या पेन्शनसाठी राज्यातले सरकारी कर्मचारी बाहेर होते. त्याच दिवसांत विधिमंडळानं मेस्माचं, म्हणजे अत्यावश्यक सेवांतले संप रोखणाऱ्या कायद्याचं, विधेयक मंजूर केलं. आणि कोल्हापुरात त्या संपाविरुद्ध बेरोजगार पोरांनी मोर्चा काढला: आम्हाला घ्या, आम्ही निम्म्या पगारात काम करतो. त्या पोरांना हसणारे पुष्कळ होते. मला हसू आलं नाही. निम्म्या पगारात काम करणारा माणूस ठेकेदाराला हवाच असतो, आणि सरकार तो ठेकेदार आणून देतच होतं. पोरांनी फक्त मोठ्यानं म्हटलं.

सगळ्यांत तळाशी आशाताई. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आलेल्या. कागदावर त्या कर्मचारी नाहीत, 'स्वयंसेविका' आहेत, म्हणून पगार नाही, मोबदला. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोळच्या छावण्यांतून औषधं वाटत फिरल्या त्याच. कोविडात पदराचा मास्क करून दारोदार ताप मोजला त्याच. जागतिक आरोग्य संघटनेनं मे २०२२ मध्ये देशातल्या दहा लाख आशांचा गौरव केला. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारनं त्यांना ७,००० रुपयांची मासिक वाढ कबूल केली. शासन निर्णय निघेना म्हणून १२ जानेवारी २०२४ पासून त्या संपावर गेल्या, आझाद मैदानावर बसल्या, आणि मार्चमध्ये मंत्रिमंडळानं वाढ दिली ती ५,००० रुपयांची. सेवेचा भाव असा मधल्यामध्ये दोन हजारांनी उतरतो.

आत्ती गेल्या वर्षी गेली. मामा तिच्या कितीतरी आधी. दोघांच्या भांडणाचा निकाल मला लावता येत नाही, पण आजकाल दवाखान्याच्या फाटकावर मांडव दिसला की लोक जो प्रश्न विचारतात, 'पेशंटचं काय?', तो मला अर्धाच वाटतो. आत्तीनं तो सगळ्यांत आधी विचारला होता, आणि तिला तो विचारायचा हक्क होता. बाकीच्यांनी दुसरा अर्धाही विचारावा.

तो विचारायला दहा रुपये लागतात. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट चिकटवा आणि तुमच्या जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयाला दोन आकडे मागा: कंत्राटी माणसामागे सरकार ठेकेदाराला महिन्याला किती देतं, आणि त्यातले त्या माणसाच्या खात्यावर किती जमा होतात. गावात धर्मादाय रुग्णालय असेल तर धर्मादाय सहआयुक्त कार्यालयात आणखी एक विचारा. या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांना मोफत, १० टक्के सवलतीत द्यायच्या आणि बिलाच्या रकमेतले २ टक्के निर्धन रुग्ण निधीत टाकायचे, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेत आहे. ते २ टक्के गेल्या वर्षी किती होते आणि कुठं खर्च झाले? उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं.